भूल दिल्यानंतर माझा शब्द

मौजे धामणगाव बढे
दि. ७ जानेवारी २००७

मी, किसनराव भगवंतराव हिवाळे, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण जुनी चौथी पास, धंदा शेती, राहणार मौजे धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील मजकूर स्वहस्ते लिहीत आहे. सरकीच्या निवडीबाबत या गावात माझा शब्द आजवर ग्राह्य धरला गेलेला आहे. हा मजकूर माझा मुलगा चि. धम्मरत्न, सध्या मुक्काम वाळूज, यास उद्देशून आहे. जय भीम.

तुझी प्रकृती ठीक आहे असे गृहीत धरतो. तुझ्या आईने शकीलभाईच्या सायकलच्या दुकानातून फोन लावला तर तू बोलतोस आणि माझा आवाज आला की फोन बंद होतो, म्हणून लेखी कळवीत आहे.

येत्या सोळा तारखेला औरंगाबादच्या रुग्णालयात माझी शस्त्रक्रिया ठरली आहे. जठराचे खालचे तोंड पूर्ण बुजले आहे. आठ महिने मी पोटाला लावलेल्या नळीतून डाळीचे पाणी आणि दूध घेऊन जगलो. घरची मंडळी जेवायला बसली की मीही पाटावर बसतो. ताट मांडू नये असे तुझ्या आईला सांगितले आहे, तरी ती मांडते.

डॉक्टरांपुढे दोन मार्ग आहेत. लहान मार्ग असा की, जठराला वरच्या अंगाने दुसरे तोंड पाडून ते आतड्याला जोडायचे. अन्ननलिका आहे तीच ठेवायची. मात्र तीही जळाल्यामुळे अरुंद झाली आहे, म्हणून ती अधूनमधून दुर्बीण टाकून रुंद करीत राहावी लागेल. मोठा मार्ग असा की, अन्ननलिकेचा नाद सोडायचा आणि मोठ्या आतड्याचा तुकडा छातीतून वर आणून गळ्याशी जोडायचा. यात जिवाला धोका अधिक. कोणता मार्ग घ्यावा हे आधी ठरत नाही. पोट उघडल्यावर मोठे डॉक्टर बाहेरून हात लावतील, त्याच वेळी माझी दुर्बीण नेहमी करणाऱ्या डॉ. शाहीन मॅडम तोंडातून दुर्बीण घालून आतून पाहतील. आत आणि बाहेर एकाच वेळी पाहिल्यावरच निर्णय होईल. तेव्हा मी भुलीत असणार. म्हणून दाराबाहेर माझ्या वतीने होय किंवा नाही म्हणणारा कोणीतरी उभा असला पाहिजे, अशी डॉक्टरांची अट आहे. माझा होकार मी आधीच लिहून देतो, असे मी म्हणालो. मोठे डॉक्टर म्हणाले, आजोबा, जे आम्हीच अजून पाहिलेले नाही त्याला तुम्ही आधी होकार कसा द्याल?

त्या ठिकाणी मी तुझे नाव दिले आहे.

माझी इच्छा मोठ्या मार्गाची आहे. काय व्हायचे ते एकदाच व्हावे. वारंवार नळी गिळण्याचा मला कंटाळा आला आहे. ही इच्छा तू डॉक्टरांना सांगावीस. तथापि त्या वेळी तू जे बोलशील तो माझा शब्द समजण्यात यावा, असेही मी त्यांना लिहून दिले आहे.

आता त्या दिवसाबद्दल. हा कागद इतरांच्याही हाती जाऊ शकतो, म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहितो.

मागील वर्षी मे महिन्यात तू बीटी कापसाच्या बियाण्याची पाकिटे घेऊन आलास. या शेतात पाकीट फुटणार नाही, असे मी चारचौघांत म्हणालो. तू म्हणालास, "मंग करा तुमची सरकी तुम्हीच," आणि फाट्याकडे चालता झालास. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात सरकी करायला बसलो. बियावरची लव घालविण्यासाठी त्यावर तेजाब, म्हणजे ॲसिड, ओतावे, काठीने ढवळावे, बी काळे पडले की ताबडतोब पाण्यात टाकावे, तरंगेल ते फेकावे आणि बुडेल ते ठेवावे, ही आपली जुनी रीत. तेजाब थंड पेयाच्या काचेच्या बाटलीत होते. पिण्याचे पाणीही तशाच बाटलीत होते. विषाच्या बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची, हा आपल्या घरचा शिरस्ता. ती मी बांधली होती. तहान लागली तेव्हा चिंधी नसलेली बाटली मी उचलली. एक घोट आत गेला. दुसरा मी थुंकून टाकला.

चिंधी कोठे गेली, हे मला सांगता आले नाही. जमादाराने गोठा पाहिला. चिंधी मिळाली नाही. दोन्ही बाटल्यांचे गळे उघडे. म्हणून त्याने लिहिले की, मुलाशी झालेल्या वादातून प्राशन केले. त्या साली आपल्या भागात घरोघरी विष घेतल्याचेच ऐकू येत होते, त्यामुळे निराळे कोणी ऐकून घेईना. शेजारची झुंबरबाई तर मला भेटायला आली आणि म्हणाली, "भाऊ, घेतलंच होतं तं मोठा घोट घ्याचा होता. घराले सरकारची मदत तरी भेटली असती." ती थट्टेने बोलली. तिचा मुलगा त्याच उन्हाळ्यात गेला आणि त्याचे मदतीचे प्रकरण अपात्र ठरले, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

तू मात्र गावाचे ऐकलेस. माझ्या खाटेजवळ उभा राहून म्हणालास, "मले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली तुम्ही." माझ्या घशातून तेव्हा आवाज निघत नव्हता. आवाज परत आला तोपर्यंत तू वाळूजला गेला होतास.

तरी आता विचार कर. ज्याला मरायचे आहे तो माणूस दर पंधरवड्याला एसटीने औरंगाबाद गाठून, भूल न घेता, बोटाएवढी नळी घशाखाली उतरवून घेईल काय? ती उतरताना डोळ्यांतून पाणी येते. ते रडणे नव्हे, तो घशाचा धर्म आहे, असे शाहीन मॅडमांनी स्वतः सांगितले आहे.

सोळा तारखेला सकाळी आठ वाजता हजर राहावे.

किसनराव भगवंतराव हिवाळे

—

औरंगाबाद, रुग्णालय, पुरुष कक्ष
दि. १५ जानेवारी २००७

चि. धम्मरत्न यास,

तू अद्याप आलेला नाहीस. पत्र पोहोचले याची खात्री शकीलभाईने तुझ्या कंपनीच्या फाटकावर जाऊन करून घेतली आहे. पत्र हातात घेतलेस, वाचलेस, खिशात ठेवलेस आणि कामावर गेलास, असे तो म्हणतो.

येथे एक वाद झाला. तो नोंदविणे भाग आहे. परिचारिकेने विचारले की उद्या बाहेर कोण उभे राहणार. मी तुझे नाव सांगितले. तुझी बहीण सारिका माझ्या पायाशी बसली होती. ती पिंपळगाव राजाहून घरदार सोडून माझ्यासाठी येते, हे तुला माहीत आहे. ती म्हणाली, "बाबा, आठ महिने तुमची नळी म्या धुतली. दूध गाळून म्या सोडलं. आन बोलाले दादाच पायजे? मी काय रस्त्यावरची हावो?"

मी तिला सांगितले की ती माझ्यावर माया करते, ती घाबरून डॉक्टरांना थांबवील.

"आन दादा माया नाही करत?" तिने विचारले.

ती उठून पाणी आणायला गेली. परत आल्यावर तिने सांगितले की, प्रत्येक वेळी माझ्यावर दुर्बीण होत असताना तू रुग्णालयाच्या फाटकापर्यंत येत होतास. चहाच्या टपरीवर उभा राहायचास, तिला बोलावून विचारायचास आणि मी बाहेर येण्यापूर्वी निघून जायचास. मला सांगू नये म्हणून तू तिला शपथ घातली होतीस. ती तिने आज मोडली. तिच्यावर रागावू नये.

मी परिचारिकेला तिचेही नाव लिहून घेण्यास सांगितले. आधी तुझे, त्याखाली तिचे. सारिका म्हणाली, "खाली तं खाली."

दुपारी शाहीन मॅडम तपासायला आल्या. त्या मूळच्या आपल्याच जिल्ह्यातील सुलतानपूरच्या, त्यामुळे आपली बोली समजतात. मी त्यांना एक विनंती केली. उद्या तुम्ही आतून पाहाल, तेव्हा जळालेल्या जागा नीट पाहून असे लिहून द्या की, हे चुकून झालेले आहे, जाणूनबुजून नाही. त्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "आजोबा, दुर्बिणीतून जळालेलं दिसतं. का जळालं ते दिसत नाही. मी खोटं लिहिलं तर चालेल का तुम्हाला?"

नाही चालणार, असे मी म्हणालो.

उद्या दहा वाजेपर्यंत मी टेबलावर जाणार नाही, असे डॉक्टरांना कळविले आहे. ते हसले. त्यांनी साडेनऊ मान्य केले.

किसनराव

—

औरंगाबाद, रुग्णालय
दि. २७ जानेवारी २००७

चि. धम्मरत्न यास,

तू आलास. मला भूल देण्यापूर्वी ढकलगाडी दारातून आत जात असताना तुझी चप्पल मला दिसली. वर पाहीपर्यंत दार लागले. त्यानंतरचे मला ठाऊक नाही. पुढील सर्व हकिकत सारिका आणि शाहीन मॅडम यांच्याकडून वेगवेगळी विचारून, ताडून घेऊन लिहीत आहे.

पोट उघडल्यावर दुर्बीण आत गेली. आतला दिवा जठराच्या भिंतीतून बाहेर उजेड पाडत होता, अंधाऱ्या घरात कंदील ठेवल्यावर बाहेरून खिडकी उजळते तसा. त्या उजेडावरून मोठ्या डॉक्टरांना बुजलेली जागा नेमकी कळली. मग शाहीन मॅडमांनी दुर्बीण हळूहळू मागे घेत अन्ननलिका पाहिली. ती जळालेली होती, पण निम्म्याहून अधिक भागात नवी, गुलाबी कातडी धरली होती. दोन्ही मार्ग शक्य होते. डॉक्टरांनी तुला हिरवा झगा घालून दाराच्या आत घेतले आणि पडद्यावर दाखविले.

मॅडम म्हणाल्या की तू घाबरला नाहीस. तू जठराच्या आतल्या बाजूने खाली गेलेल्या एका पांढऱ्या वळाकडे बोट केलेस आणि विचारलेस, "हे असं एका रेघेत काऊन जळालं? सगळंच काऊन नाही?"

त्या म्हणाल्या, "ॲसिड पसरत नाही, ओघळतं. जिथून ओघळतं तेवढंच खातं."

तू बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिलास. मोठ्या डॉक्टरांनी विचारले, काय करायचे. वडिलांची लेखी इच्छा मोठ्या शस्त्रक्रियेची आहे, हेही त्यांनी तुला सांगितले.

तू म्हणालास, "इच्छा मले माहीत हाये. पण या अन्ननळीनं इतकं सोसलं, आन ते आता भरून येऊन राह्यलं. ते काढू नका. लहानच करा. नळी गिळायचा कंटाळा आला तं मी सोबत येईन. पण जिवाले धोका नको."

शुद्धीवर आल्यावर हे मला सांगण्यात आले, तेव्हा मला राग आला. तो राग मी येथे नोंदवितो. माझी इच्छा मी स्पष्ट लिहिली होती. शेतात माझे बी तुला पटले नाही, देहाबाबतही माझा निर्णय पटला नाही, असे मला वाटले. दोन दिवस मी सारिकाशीही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला माझ्या पहिल्या पत्राची प्रत मोठ्याने वाचायला लावली. त्या वेळी तू जे बोलशील तो माझा शब्द, हे मीच लिहिले होते. तुझ्या निर्णयाला माझा निर्णय म्हणण्याशिवाय मला मार्ग नाही. म्हणून लहान शस्त्रक्रिया मीच निवडली, असे समजण्यात यावे.

जोड घातल्यावर तो गळतो की काय हे पाहण्यासाठी पोटात पाणी ओतले आणि दुर्बिणीतून हवा फुंकली. एका ठिकाणी बुडबुडा आला. तेथे आणखी एक टाका घातला, पुन्हा पाणी, पुन्हा हवा. नंतर बुडबुडा आला नाही. शकीलभाई मला पाहायला आला तेव्हा हे ऐकून म्हणाला, "म्हंजे किसनभाऊ, तुमचं पंचर काढलं. मले बोलावलं असतं तं बादली घरून आणली असती." त्याला हसविण्याची परवानगी नव्हती, कारण हसताना टाक्यांना ओढ बसते. त्याने ती पाळली नाही.

मात्र एक गोष्ट मला सलते. मला शुद्ध आली तेव्हा तू नव्हतास. वाळूजलाही गेला नाहीस, कंपनीने गैरहजर लावले आहे. आईला विचारावे तर ती फोनवर म्हणते की मला काही ठाऊक नाही, आणि लगेच फोन ठेवते. तुझी आई खोटे बोलताना फोन लवकर ठेवते. तू कोठे आहेस आणि काय करीत आहेस, ते कळवावे.

किसनराव

—

मौजे धामणगाव बढे
दि. ४ फेब्रुवारी २००७

चि. धम्मरत्न यास,

तू समोर ओट्यावर बसलेला असताना हे लिहीत आहे. तोंडी सांगायला गेलो की माझ्याकडून पहिले वाक्य वेगळेच निघते, हे तू आज सकाळीही अनुभवले आहेस. म्हणून हा कागद लिहून झाल्यावर तुझ्या हाती देण्यात येईल.

काल घडले ते असे.

मला एसटीतून उतरवून घरी आणले तेव्हा अंगणात बरीच माणसे जमली होती. मी समजलो की माझी विचारपूस करण्यासाठी आली आहेत. तसे नव्हते. तू त्यांना बोलावले होतेस. झुंबरबाई होती. ज्यांनी मागील वर्षी पंचनाम्यावर अंगठे दिले तेही होते. मध्यभागी माझी प्लास्टिकची बादली, त्यात सरकी, आणि शेजारी थंड पेयाची काचेची बाटली. तिच्या गळ्याला लाल चिंधी. ते पाहून मी दारातच थांबलो. तुझी आई म्हणाली, "बसा. दम धरा. तो रात्रंदिवस हेच करून राह्यला."

तू कोणाला काही समजावून सांगितले नाहीस. मी ज्याप्रमाणे ओततो त्याप्रमाणे, बाटली न टेकवता, थोडे थोडे तेजाब सरकीवर ओतलेस. प्रत्येक वेळी शेवटचा थेंब बाटलीच्या तोंडावरून मागे ओघळला आणि गळ्यापर्यंत जाऊन चिंधीत शिरला. तू बाटली खाली ठेवलीस आणि सरकी ढवळू लागलास. माणसे सरकीकडे पाहत होती. मी चिंधीकडे पाहत होतो. ती आधी तपकिरी झाली, मग काळी. मग तिची गाठ आपोआप सुटावी तशी तुटली आणि तिचे तुकडे मातीत पडले. तू चपलेने त्यावर माती सारलीस. काळ्या मातीत काळा चुरा. कोणालाही शोधून सापडला नसता.

शकीलभाईने बाटली उचलून सर्वांना गळा दाखविला. तो उघडा होता.

चिंधी कापसाची होती. तेजाबाने कापूस जातो, म्हणून तर आपण ते सरकीला लावतो. पन्नास वर्षे मी बियावरची लव त्याच तेजाबाने घालविली आणि त्याच तेजाबाच्या बाटलीला खूण म्हणून कापूस बांधला. माझ्या वडिलांनीही तेच केले होते. त्यांची खूण टिकली, कारण ते मडक्यातून ओतत आणि मडक्याला ओठ असे. बाटलीला ओठ नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही. पूर्वीही कधी चिंधी गेली, तर ती गळून पडली असे समजून मी नवी बांधीत असे.

झुंबरबाई बराच वेळ बाटली हातात धरून होती. मग तिने तुला विचारले, "हे तुले कसं सुचलं रे बाबू?" तू म्हणालास, "बाबाच्या पोटात दिसलं." ती म्हणाली, "माह्या पोराच्या पोटात कोनी पाह्यलंच नाही." ती जाताना माझ्या पायाशी वाकली. मी तिला उठविले.

मी तुला काय म्हणालो ते सर्वांनी ऐकले आहे, तरी नोंदवितो. मी म्हणालो, "बादलीत तेजाब जास्त झालं. बी करपलं." ते खरे होते. परंतु मला म्हणायचे होते ते निराळे होते. ते असे की, गावाने माझ्यामुळे तुझ्यावर जो डाग लावला होता तो काल माझ्या अंगणात धुतला गेला, आणि तो तू स्वतः धुतलास. माझ्या साध्या सांगण्यावर तू विश्वास ठेवायला हवा होतास, असे मला अजूनही वाटते. पण विश्वास ठेवता येत नाही म्हणून तू तोंड फिरवून बसला नाहीस, गोठ्यात जाऊन शोध घेतलास. यापुढे कोणी विचारल्यास तू माझा मुलगा आहेस, हे मी तुझ्याआधी सांगेन.

बियाबद्दल. तू सकाळी म्हणालास की पाकिटासोबत साध्या बियाचे लहान पाकीट येते, ते शेताच्या कडेने पेरायचे असते, आणि त्याऐवजी या वर्षी माझी सरकी कडेने लावू. मी म्हणालो की मी कडेचा माणूस नाही. त्यावर सारिका हसली. मी विचार करीन. दोन ओळी कडेने आणि दोन मधून, असा माझा प्रस्ताव आहे. तो मान्य न झाल्यास पुन्हा बोलणी करावीत.

पुढील दुर्बीण चौदा तारखेला आहे. सोबत येईन, असे तू डॉक्टरांपुढे म्हणाला आहेस, ते मी गृहीत धरले आहे. या वेळी चहाच्या टपरीवर उभे राहू नये, आत यावे.

आज दुपारी तुझ्या आईने ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून माझ्या ताटात वाढली. ताट आठ महिने रिकामे मांडले जात होते. पहिला घास मी सावकाश चावला आणि गिळला. तो छातीपाशी थोडा थांबला. सर्वजण माझ्या तोंडाकडे पाहत होते, ते मला आवडले नाही. मग घास खाली उतरला. दुसरा घास मी कोणाची परवानगी न विचारता घेतला.

सदर घास माझ्या स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या इच्छेने, जगण्यासाठी घेतला, याबद्दल हजर असलेले साक्षीदार:

जनकाबाई किसनराव हिवाळे, पत्नी, जिने ताट मांडणे कधी बंद केले नाही.

सारिका, मुलगी, मुक्काम पिंपळगाव राजा. तिचे नाव या वेळी वर लिहिले आहे.

शकीलभाई, सायकल दुकानदार, शेजारी.

धम्मरत्न किसनराव हिवाळे, मुलगा, ज्याचा शब्द हा माझा शब्द आहे.